रानम्हशींचा वंश शुद्ध आहे का? जनुकीय चिन्हकांची साक्ष
रायपूर : छत्तीसगडचा राज्यप्राणी असलेला ‘वनभैंसा’, म्हणजेच रानम्हैस, मध्य भारतात आज इंद्रावती, उदंती-सीतानदी आणि सीमेपलीकडील गडचिरोली जिल्ह्यातील कोलामार्का अशा मोजक्याच जंगलांत उरली आहे. जगातील रानम्हशींची एकूण संख्या चार हजारांहून कमी मानली जाते आणि त्यांतील बहुसंख्य आसामात आहेत. शिकार, अधिवासाचा ऱ्हास आणि गुरांचे साथीचे रोग ही संकटे सर्वज्ञात आहेत. पाळीव म्हशींशी होणारा संकर मात्र सहजी नजरेस येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये छत्तीसगड सरकारला हा संकर रोखण्याचे आणि रानम्हशींची जनुकीय शुद्धता राखण्याचे निर्देश दिले होते.

शुद्धता ओळखायची कशी, हा खरा प्रश्न आहे. पाळीव म्हैस रानम्हशीपासूनच निपजलेली असल्याने दोघींत साम्य पुष्कळ. शिंगांचा विस्तार किंवा शरीराची ठेवण पाहून अनुभवी वनरक्षक अंदाज बांधतो. परंतु संकरानंतर दोन-तीन पिढ्या उलटल्या की हा अंदाज फसू शकतो. अशा वेळी जनुकीय चिन्हकांचा आधार घेतला जातो.

चिन्हक म्हणजे डीएनएमधील असा ठरावीक भाग, ज्यात एका प्राण्यापासून दुसऱ्यापर्यंत फरक आढळतो. ‘मायक्रोसॅटेलाइट’ प्रकारच्या चिन्हकांत काही अक्षरांचा छोटा क्रम पुन्हा पुन्हा येतो. त्याची आवर्तने किती, हे प्राण्यागणिक बदलते. प्रत्येक पिल्लाला एक प्रत मातेकडून, दुसरी पित्याकडून मिळते. अशी दहा-पंधरा ठिकाणे वाचली की प्राण्याची वैयक्तिक ओळख पटते, नाते कळते आणि कळपात आप्तसंकर किती झाला आहे याचाही अंदाज येतो. तंतुकणिकेतील डीएनए मात्र केवळ मातेकडून येतो.

हा भेद येथे निर्णायक ठरतो. रानम्हशीचा पाळीव रेड्याशी संकर झाला, तर रेडकाचा तंतुकणिकेतील डीएनए आईचाच, म्हणजे ‘शुद्ध’ दिसेल. पेशीकेंद्रातील निम्मा वारसा मात्र पाळीव असेल. केवळ एकाच प्रकारच्या चिन्हकावर विसंबून दिलेला निर्वाळा म्हणूनच अपुरा ठरतो.

‘दीपआशा’चे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. उदंतीतील ‘आशा’ या मादीच्या पेशींपासून कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत १२ डिसेंबर २०१४ रोजी क्लोनिंगद्वारे ती जन्मली आणि २०१८ मध्ये नवा रायपूरच्या जंगल सफारीत आणली गेली. ती रानम्हैस आहे की पाळीव, अशी शंका पुढे जाहीरपणे घेतली गेली. क्लोनिंगमध्ये पेशीकेंद्र दात्या प्राण्याचे असते, तर अंडपेशी दुसऱ्या मादीची. ही अंडपेशी पाळीव म्हशीची असली, तर तंतुकणिकेतील डीएनएही तिचाच राहतो. साहजिकच अशा प्राण्याची पारख पेशीकेंद्रातील चिन्हके आशाच्या चिन्हकांशी ताडूनच होऊ शकते.

उदंतीत प्रजननक्षम माद्याच जवळपास उरल्या नसल्याने आसामातील मानस येथून २०२० मध्ये एक नर व एक मादी, आणि २०२३ मध्ये आणखी चार माद्या बारनवापारा अभयारण्यात आणण्यात आल्या. या निर्णयावर आक्षेप घेतले गेले, प्रकरण न्यायालयातही पोहोचले. दोन्ही प्रदेशांतील कळप दीर्घकाळ परस्परांपासून तुटलेले आहेत. त्यांचे मिश्रण केल्यास आप्तसंकराचे दुष्परिणाम टळू शकतात. मात्र मध्य भारतीय वंशाचे वेगळेपण त्यात पुसले जाण्याची भीतीही राहते. या वादातील दोन्ही बाजू तर्कशुद्ध आहेत. दोन्ही गटांत जनुकीय अंतर किती, हे चिन्हके दाखवू शकतात. कोणता धोका पत्करायचा, हे ती ठरवू शकत नाहीत.

नमुन्यासाठी प्राणी पकडावाच लागतो असे नाही. ताज्या शेणाच्या पृष्ठभागाला आतड्यातील पेशी चिकटलेल्या असतात. त्यांतून डीएनए मिळवता येतो. पाणमांजरांसारख्या लाजाळू प्राण्यांचा अभ्यासही त्यांच्या विष्ठेवरून याच पद्धतीने केला जातो. उष्णता, पाऊस आणि कीटक यांमुळे डीएनए झपाट्याने नष्ट होत असल्याने नमुना लवकर गोळा करून अल्कोहोलमध्ये किंवा कोरडा ठेवावा लागतो. माओवादी हिंसाचारामुळे इंद्रावतीच्या मोठ्या भागात अनेक वर्षे नियमित गणना करणे अवघड होते. अशा जंगलात कळप नजरेस पडला नाही, तरी त्याच्या वाटेवरचे शेण हाती लागू शकते.