धर्म तारक की मारक?

लव्हाल शहराला क्वेबेकचे पहिले बिशप फ्रान्स्वा द लव्हाल यांचे नाव आहे. या प्रांतातील शाळांवर दीर्घकाळ चर्चचा पगडा होता. १९६४ मध्ये शिक्षण मंत्रालय स्थापन झाले व तो ओसरू लागला. २०१९ च्या कायद्याने दुसरे टोक गाठले. सरकारी शाळेतील नव्या शिक्षकाला कामावर किप्पा घालण्यास मनाई झाली.

धर्म तारक की मारक, याचे उत्तर आपल्या बेने इस्राएल समाजाच्या इतिहासातही आहे. कोकणात ना रब्बी होते, ना धर्मग्रंथ. तरी शनिवारी घाणा बंद ठेवणारे आपले पूर्वज ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले. शब्बाथ आणि शेमा यांनीच समाज टिकवला. पण १९६२ मध्ये इस्राएलात त्याच धर्माच्या अधिकाऱ्यांनी आपल्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी लादली. आपल्या बांधवांनी सत्याग्रह केला, तेव्हा ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने आपण सर्व बाबतींत यहुदीच आहोत असे जाहीर केले.

घरात पाळलेल्या धर्माने आपल्याला तारले. खुर्चीवर बसलेल्या धर्माने छळले. मात्र खुर्ची सरकारची असली तरी ती किप्प्यावर बोट ठेवतेच. म्हणून शुक्रवारचा दिवा लावावा, आणि खुर्चीला, मग ती कोणाचीही असो, जाब विचारावा.