आठ लाखांची पेन्शन

आमच्या कोथरूडच्या कट्ट्यावर सगळेच पेन्शनर. महागाई भत्ता, गुडघे, अमेरिकेतली नातवंडं. याखेरीज विषय निघालाच तर मराठेशाहीचा, आणि मग शेवटच्या पेशव्याला, दुसऱ्या बाजीरावाला ‘पळपुटा’ म्हणून यथेच्छ शिव्या. मला मात्र त्याच्या पळण्यापेक्षा त्याच्या थांबण्याची जास्त धास्ती वाटते.

३ जून १८१८ ला तो ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी माल्कम याच्या स्वाधीन झाला. पेशवेपद सोडायचं, दख्खनेत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. बदल्यात वर्षाला आठ लाख रुपये. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम फार वाटली, पण माल्कम शब्द देऊन बसला होता. मुक्कामाला मिळालं कानपूरजवळ गंगाकाठचं ब्रह्मावर्त, म्हणजे बिठूर. बाजीराव तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. या वयात आमच्या बँकेत माणूस बढतीची वाट बघत असतो.

तिथे तो साडेबत्तीस वर्षं जगला. हिशेब मांडला (सवय जात नाही) तर अडीच कोटींहून जास्त रुपये त्याच्या हाती आले. त्यातून काय झालं? गंगास्नानं, अनुष्ठानं, ब्राह्मणभोजनं, दक्षिणा, देवळं, घाट, आणखी लग्नं. मागोमाग आलेली हजारो माणसं त्याच्या जिवावर पोसली गेली, हे काही थोडं नाही. पण बाहेर कंपनीचा कमिशनर नजर ठेवून बसलेला आणि आत दरबार, मानपान, रुसवेफुगवे सगळं पुण्यासारखंच. ठरवायचं असं मात्र काहीच उरलेलं नाही. अफगाण युद्धात कंपनीला पैशाची चणचण भासली तेव्हा यानेच लाखो रुपये कर्जाऊ दिले. शीख युद्धाच्या वेळी हजार स्वार आणि हजार पायदळ स्वखर्चाने द्यायची तयारी दाखवली. इंग्रजांशी झालेली खडकीची लढाई ज्याने पर्वतीवरून पाहिली, त्याला आता फौज उभी करायची हौस आली. तीही ज्यांनी राज्य घेतलं त्यांच्यासाठी!

कट्ट्यावर याला लाचारी म्हणतात. मला नाही पटत. लाचाराला काहीतरी हवं असतं. याला सगळं वेळच्या वेळी मिळत होतं, आणि देणाऱ्याचं बरं चालावं असं पेन्शनराला अगदी मनापासून वाटतं. मलाही वाटतं.

जानेवारी १८५१ मध्ये बाजीराव गेला. दत्तकपुत्र नानासाहेबांनी पेन्शन पुढे चालू ठेवावी म्हणून अर्ज केला. गव्हर्नर जनरल डलहौसीचं उत्तर एखाद्या कर्जविभागाला शोभावं असं होतं: वडिलांनी मागे बरीच शिल्लक ठेवली आहे, तेवढी पुरे. यावर नानासाहेबांनी लगेच तलवार उपसली असं आपल्याला वाटत असतं. प्रत्यक्षात १८५३ मध्ये त्यांचा वकील अजीमुल्लाखान लंडनला गेला तो पुन्हा दाद मागायला. बंड उठलं १८५७ ला, तेव्हा नानासाहेब त्यात उतरले. त्या जुलैत इंग्रज सेनापती हॅवलॉकच्या फौजेने बिठूरचा वाडा जाळला, आणि डिसेंबरात इंग्रजांचे शिपाई तिथली विहीर उपसून सोन्याचांदीची भांडी वर काढत होते.