साथ कोणी कोणाची करायची?

आमच्या गावच्या भजनीबुवांना मी बरीच वर्षे पेटीची साथ केली. शेवटी शेवटी बुवांना दम पुरत नसे. ओळीच्या मध्येच ते थांबत. पखवाजवाला ठेका धरून ठेवी, मी शेवटचा सूर दाबून भाता हलवत राही, आणि बुवा पुन्हा कुठून उचलणार हे त्यांच्या खांद्यावरून ओळखावे लागे. कधी ते अख्खा अंतरा गाळून पुढे जात. मग आपणही मुकाट तिथे जायचे. हे यंत्राला जमेल का, या एका प्रश्नापायी मी गेली काही वर्षे कागद जमवतो आहे. माझे संगीत देवळात झाले आणि इंग्रजी शब्दकोशात, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

१९८४ साली पॅरिसला संगणक-संगीताची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे रॉजर डॅननबर्ग आणि बॅरी व्हर्को या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, जवळजवळ एकच काम मांडले. डॅननबर्ग स्वतः ट्रम्पेट वाजवणारे. व्हर्कोंच्या प्रयोगात लॅरी बोरगार्ड हे बासरीवादक होते. संगणकाला स्वरलिपी आधीच दिलेली असे. वादकाचा प्रत्येक सूर स्वरलिपीत कुठे बसतो ते शोधत तो त्याच्या लयीने साथ करी. एखादा सूर चुकला, गळला किंवा जादा लागला, तरी सगळ्यांत जुळणारी जागा काढून पुढे जाई. माझ्या मते खरी करामत ही चूक पोटात घालण्यात होती. हा बराचसा आमचा पेटीवालाच! फक्त त्याला चेहरा नव्हता.

चेहरा आला तो जपानमधून, आणि आला तेव्हा बहिरा होता. ३१ ऑगस्ट २००७ रोजी साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया कंपनीने 'हात्सुने मिकू' विक्रीला आणली. नावाचा अर्थ साधारण 'भविष्यातला पहिला स्वर'. साकी फुजिता या अभिनेत्रीच्या आवाजाचे तुकडे यामाहाच्या व्होकॅलॉइड तंत्राने जोडून ती गाते. ९ मार्च २०१० रोजी टोकियोत पारदर्शक पडद्यावर तिचे चित्र नाचले. मागे वादक मात्र हाडामांसाचे. तिचे गाणे-नाचणे आधीच ठरलेले. वादक कानात वाजणाऱ्या ठोक्यांबरहुकूम वाजवतात. एखाद्याची काठी हातातून निसटली तरी ती थांबायची नाही. साथ सगळ्यांनी तिची करायची, तिने कोणाचीच नाही.

हे उलटे केले एका म्हाताऱ्याने. इसाओ टोमिता, जन्म १९३२. मूग सिंथेसायझरवर त्यांनी बसवलेली देब्युसीची तबकडी १९७४ साली जगभर गाजली. त्या यंत्राकडून शब्द गाऊन घ्यायची त्यांची धडपड होती. पण 'पा-पा-पा'च्या पलीकडे मजल गेली नाही. मिकू शब्द गात होती. २३ नोव्हेंबर २०१२ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांनी टोकियोच्या ऑपेरा सिटीत 'इहातोव सिम्फनी' सादर केली. इहातोव ही केन्जी मियाझावा या लेखकाने इवाते या आपल्या प्रांतावरून कल्पिलेली भूमी. इवातेने नुकताच, २०११ साली, त्सुनामीचा तडाखा सोसलेला. जपान फिलहार्मोनिकचा वाद्यवृंद, कंडक्टर नाओतो ओतोमो आणि गायिका मिकू. कंडक्टरची छडी ज्या लयीने हलेल त्या लयीने मिकूने गायचे आणि नाचायचे, अशी व्यवस्था क्रिप्टनने करून दिली. छडी रेंगाळली की मिकूही रेंगाळणार.

तरी माझे समाधान होत नाही. लय सांभाळणे आणि ऐकणे या दोन गोष्टी आहेत. छडी थांबली तर मिकू थांबेल. पण अंतरा गळला तर? वाद्यवृंदात सगळ्यांसमोर स्वरलिपी असते, तिथे अंतरा गाळत कोणी नाही, म्हणून ती परीक्षा झालीच नाही. १९८४चा कान आणि २०१२चा चेहरा त्या रात्री एकत्र आले नाहीत, असे माझे मत. कोणाला हे कंजूष वाटेल. पण थांबण्याचा हक्क माणसाकडे परत आला, एवढे टोमितांच्या नावावर लिहावेच लागेल.

पुढचे काम 'डॉक्टर कॉपेलियस'. त्यात मिकूला जिवंत नर्तकाबरोबर बॅले नाचायचा होता. ते अपुरे असतानाच ५ मे २०१६ रोजी टोमिता गेले. राहिलेले इतरांनी जुळवले आणि नोव्हेंबरमध्ये टोकियोच्या ऑर्चर्ड हॉलमध्ये प्रयोग झाला. बसवणारा नव्हता, मिकू नाचली.