कोमोकाठची फजिती

डोंगरांचे फोटो पाहून लोक डोंगरांकडे धावू लागले, असं सर्रास सांगितलं जातं. मला वंशावळ उलटी दिसते: आधी हौशी प्रवासी, मग फोटो.

ऑक्टोबर १८३३. इंग्रज गृहस्थ विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट इटलीत, आल्प्सच्या पायथ्याच्या कोमो सरोवराकाठी उतरला होता. प्रवासात देखावे रेखाटून आणायचे, ही तेव्हाच्या सुशिक्षितांची रीतच. बायको कॉन्स्टन्स छान चित्रं काढायची. टॅल्बटचा हात काही वळत नव्हता. मदतीला कॅमेरा ल्युसिडा होता. त्याच्या लोलकातून पाहिलं की समोरचा डोंगर कागदावर दिसतो, तो गिरवायचा. डोळा बाजूला केला, की कागदावर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा! तेव्हा त्याला कॅमेरा ऑब्स्क्युरा आठवला. त्यात चित्र खरोखरच कागदावर पडतं. ते तिथं आपोआप उमटून राहिलं तर? हे सगळं त्यानंच १८४४च्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’मध्ये लिहून ठेवलंय.

फ्रेंच अभिमानी इथं आपल्या निएप्सला पुढे करतील, नाहीतर दागेरला. १८२६-२७च्या सुमारास निएप्सनं कॅमेऱ्यातलं चित्र टिकवलं होतं, हे खरंच. पण त्यात दिसतं काय, तर त्याच्याच घराच्या खिडकीबाहेरची छपरं. आणि त्याची मूळ ओढ छपाईची. दागेर तर नाट्यगृहातल्या देखाव्यांचा माणूस. शिवाय त्याचा चकचकीत पत्र्यावरचा फोटो एकुलता एक, त्यावरून प्रती निघत नसत. टॅल्बटनं पुढे शोधलेल्या निगेटिव्हवरून हव्या तितक्या निघत, आणि प्रवाशांना विकायला प्रतीच लागतात.

गर्दीही फोटोंसाठी थांबली नव्हती. अल्बर्ट स्मिथनं माँ ब्लां चढून आल्यावर १८५२पासून लंडनमध्ये त्या चढाईचा खेळ वर्षानुवर्षं चालवला, तोही रंगवलेल्या पडद्यांवर. ऑग्युस्त बिसों कॅमेरा घेऊन माथ्यावर पोचला १८६१मध्ये. तेव्हा कलोडियन या रसायनाचा थर दिलेली काच ओली असतानाच चित्र टिपून धुवावं लागे, म्हणून हमालांच्या पाठीवर अंधारा तंबूसुद्धा वर गेला. पाण्यासाठी बर्फ वितळवलं. पंचवीस हमाल, हाती फोटो तीन! १८६३मध्ये टॉमस कुकनं स्वित्झर्लंडची पहिली सहल नेली. त्याच साली छायाचित्रकार सॅम्युएल बोर्न सिमल्याहून हिमालयात शिरला.

आद्यत्वाचा मान निएप्सला खुशाल द्या. डोंगराच्या फोटोचा मूळपुरुष मात्र चित्र न जमलेला टॅल्बटच.