डिरेक्टरी कुणाला ठाऊक? एफटीपीच्या ‘५५०’चा इतिहास

एफटीपीचा क्लायंट लिहायला बसलेल्या प्रोग्रामरच्या वाट्याला ‘५५०’ हा आकडा येतोच. लॉगिन झालं, पासवर्ड चालला, सर्व्हरनं स्वागतही केलं. आणि पहिल्याच फोल्डरात शिरताना उत्तर आलं, ५५०, अशी डिरेक्टरी नाही. डिरेक्टरी तर यादीत समोर दिसते आहे. मग माणूस पाथच्या पुढे स्लॅश लावून बघतो, मागे लावून बघतो, सगळे स्लॅश उलटे करून बघतो. कधी काम होऊन जातं, आणि ते का झालं हे न कळताच कोड पुढे सरकतो. या झटापटीचं मूळ १९७१ सालच्या एका निर्णयात आहे. तो निर्णय योग्य होता, पण त्याचा भार तेव्हापासून क्लायंट लिहिणाऱ्यांच्या डोक्यावर आहे.

१६ एप्रिल १९७१ या तारखेचं ‘आरएफसी ११४’ हे टिपण म्हणजे एफटीपीचा पहिला आराखडा. लेखक अभय भूषण: मूळचे अलाहाबादचे, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून १९६५ मध्ये पदवी घेऊन एमआयटीत गेलेले. अर्पानेटवरच्या एका संगणकातली फाइल दुसऱ्यावर कशी न्यावी, हा प्रश्न त्यांच्यासमोर होता, आणि अडचण घरातच होती. एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये दोन अगदी वेगळ्या प्रणाली नांदत होत्या. मल्टिक्समध्ये डिरेक्टरीच्या पोटात डिरेक्टरी, तिच्या पोटात आणखी एक, अशी खोलवर रचना करता येई, आणि त्यांची नावं जोडायला ‘पेक्षा मोठे’ हे गणिती चिन्ह वापरत. पीडीपी-१० वर चालणाऱ्या आयटीएसमध्ये अशी खोली नव्हतीच. तिथे डिरेक्टरीचं नाव सहा अक्षरांत बसवायचं, आणि तिच्या आत दुसरी डिरेक्टरी नाही. नेटवर्कवरच्या इतर ठिकाणी टेनेक्स होतं. तिथे डिरेक्टरीचं नाव कोनी कंसात लिहीत.

या सगळ्यांवर एकच पाथ-पद्धत लादणं शक्य नव्हतं. म्हणून एफटीपीनं ठरवलं, की पाथ सर्व्हरच्या रीतीनं लिहायचा, प्रोटोकॉलनं त्यात नाक खुपसायचं नाही. क्लायंटच्या दृष्टीनं पाथ म्हणजे अक्षरांची एक माळ. तिचा अर्थ फक्त सर्व्हर लावणार. हे एवढं एक कलम लक्षात ठेवलं, तर डिरेक्टरीच्या निम्म्या चुका होण्याआधीच टळतात.

डिरेक्टरी बदलण्याची आज्ञा, म्हणजे ‘सीडब्ल्यूडी’, नंतर आली. तिच्यावर जुलै १९७५ मध्ये स्वतंत्र टिपण निघालं, आरएफसी ६९७. जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांच्या ऑक्टोबर १९८५ च्या आरएफसी ९५९ मध्ये, म्हणजे आजही ज्याला प्रमाण मानतात त्या मसुद्यात, तिचं काम सांगितलं आहे ते असं: लॉगिन किंवा हिशेबाची माहिती न बदलता दुसऱ्या डिरेक्टरीत वा डेटासेटमध्ये काम करता यावं. या वाक्यातून त्या काळाचं चित्र उभं राहतं. डिरेक्टरी ही वापरणाऱ्याच्या खात्याशी बांधलेली गोष्ट होती. दुसऱ्याच्या डिरेक्टरीत जायचं, तर आधी तो दुसरा माणूस होऊनच आत यावं लागे.

मग युनिक्स आलं. तिथे डिरेक्टरी करणं आणि मोडणं फाइलइतकंच सोपं. बीबीएन कंपनीतल्या डेव्हिड मॅनकिन्स, डॅन फ्रँकलिन आणि बझ ओवेन यांनी डिसेंबर १९८० मध्ये आरएफसी ७७५ लिहून चार प्रायोगिक आज्ञा सुचवल्या: डिरेक्टरी करा, मोडा, मी कुठे आहे ते सांगा, आणि एक पायरी वर न्या. प्रायोगिक म्हणून प्रत्येकीच्या नावाआधी ‘एक्स’ होता. आरएफसी ९५९ नं तो काढला आणि त्या ‘एमकेडी’, ‘आरएमडी’, ‘पीडब्ल्यूडी’ आणि ‘सीडीयूपी’ झाल्या. वर जाण्यासाठी वेगळी आज्ञा कशाला, दोन टिंबं पाठवली की झालं, असं आज वाटेल. पण दोन टिंबं ही युनिक्सची खूण. मल्टिक्समध्ये वर जायला ‘पेक्षा लहान’ हे चिन्ह होतं. वर जाण्याची रीत प्रत्येक प्रणालीची वेगळी, म्हणूनच ‘सीडीयूपी’ आली, आणि मसुद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. तरीही असंख्य क्लायंट स्वतःच पाथचा शेवटचा तुकडा कापतात आणि उरलेला सर्व्हरला पाठवतात. १९८३ च्या बर्कली युनिक्सनं, म्हणजे ४.२ बीएसडीनं, सिम्बॉलिक लिंक आणल्यापासून ही कापाकापी जास्तच धोक्याची झाली. लिंकमधून आत शिरलेला क्लायंट वर जायला निघतो तेव्हा त्यानं कापून काढलेली जागा एक असते, आणि सर्व्हरच्या लेखी खरी वरची डिरेक्टरी दुसरीच.

आरएफसी ९५९ मध्ये एक विसंगतीही राहून गेली. ‘सीडीयूपी’ची उत्तरं ‘सीडब्ल्यूडी’सारखीच असावीत असं एका ठिकाणी म्हटलं आहे, आणि ‘सीडब्ल्यूडी’चं यशाचं उत्तर आहे २५०. पण उत्तरांच्या तक्त्यात ‘सीडीयूपी’समोर छापलंय २००. त्यामुळे कुठला सर्व्हर २५० देतो, कुठला २००. क्लायंटनं नेमक्या २५० ची तपासणी केली असेल, तर वर जाणं यशस्वी होऊनही पडद्यावर एरर उमटते. उत्तराच्या तीन अंकांतला पहिला अंकच यश की अपयश ते सांगतो, आणि तो दोन्हीकडे २ आहे. पायथॉनच्या एफटीपी लायब्ररीत या जुन्या दुखण्यांचे व्रण दिसतात. दोन टिंबं मागितली, की ती आधी ‘सीडीयूपी’ पाठवते. सर्व्हर ५०० म्हणाला, म्हणजे ही आज्ञाच त्याला कळली नाही, तर मुकाट्यानं ‘सीडब्ल्यूडी’वर येते.

५५० बद्दलही इथेच बोललं पाहिजे. पहिला ५ म्हणजे कायमचा नकार, मधला ५ म्हणजे फाइल-व्यवस्थेशी संबंध. या कोडच्या वर्णनात ‘फाइल सापडली नाही’ आणि ‘परवानगी नाही’ ही दोन्ही कारणं एकत्र आहेत. आकड्यावरून ती वेगळी करता येत नाहीत, आणि पुढचा मजकूर प्रत्येक सर्व्हरचा आपापला. काही सर्व्हर तर रिकाम्या डिरेक्टरीतली नावं मागितली तरी ५५० देतात, आणि अस्तित्वात असलेली डिरेक्टरी नाहीच असं क्लायंट समजून बसतो.

डिरेक्टरीत शिरणं बरोबर झालं, पण उत्तर वाचणं चुकलं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण नव्वदच्या दशकातलं. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचा एफटीपी साठा तेव्हा जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक होता, आणि तिथे घडलेला सर्व्हर प्रोग्राम, डब्ल्यूयू-एफटीपीडी, जगभर पसरला. त्यात एक सोय होती. डिरेक्टरीत ठरावीक नावाची सूचनेची फाइल ठेवली, की आत येणाऱ्याला तिच्यातला मजकूर दाखवला जाई. तो मजकूर ‘सीडब्ल्यूडी’च्या उत्तरातच जाई, अनेक ओळींत. नियम असा, की पहिल्या ओळीत २५० नंतर जोडरेघ, आणि शेवटच्या ओळीत २५० नंतर मोकळी जागा. मधल्या ओळी कशाही असू शकतात.

घाईत लिहिलेला क्लायंट पहिली ओळ वाचे, २५० बघून खूश होई आणि लगेच यादी मागे. यादीचं उत्तर म्हणून त्याच्या हाती पडे ती सूचनेची दुसरी ओळ. तिथून पुढे प्रत्येक प्रश्नाला आधीच्या प्रश्नाचं उत्तर. तो सापडत नसलेली फाइल मिळाली म्हणे, मिळालेली डिरेक्टरी नाही म्हणे, आणि शेवटी अडकून पडे. असे क्लायंट इतके होते, की त्या सर्व्हरनं स्वागताच्या मजकुरातच एक तोड सुचवली: तुमचा क्लायंट लॉगिननंतर अडकत असेल, तर पासवर्डचं पहिलं अक्षर म्हणून जोडरेघ द्या, माहितीचे संदेश बंद होतील. दुसऱ्याच्या प्रोग्राममधली चूक सर्व्हरनं अशी सांभाळून घेतली, हे त्या काळच्या नेटवर्कच्या वृत्तीला शोभणारंच होतं.

आता आजही रोज घडणारी गोष्ट. एफटीपीत ‘मी कुठे आहे’ ही आठवण सर्व्हरकडे असते, आणि तीही त्या एका जोडणीपुरती. समजा, क्लायंटनं ‘अहवाल’ डिरेक्टरीत प्रवेश केला, २५० मिळालं. वापरणारा माणूस चहाला गेला. काही मिनिटं काहीच हालचाल नाही, म्हणून सर्व्हरनं ४२१ देऊन जोडणी तोडली. तो परतला आणि त्यानं ‘मार्च’ या पोटडिरेक्टरीवर क्लिक केलं. जोडणी तुटलेली बघून क्लायंटनं कुणाला न सांगता पुन्हा लॉगिन केलं आणि ‘मार्च’मध्ये न्या म्हणून विनंती केली. पण नव्या जोडणीत सर्व्हर त्याला लॉगिनच्या मूळ डिरेक्टरीत उभा करतो, आणि तिथे ‘मार्च’ नाही. ५५०. पडद्यावर मात्र अजून ‘अहवाल’ची जुनी यादी, त्यात ‘मार्च’ ठळक दिसतोय. प्रोग्रामर पाथ तपासत बसतो, पाथमध्ये चूक नसतेच. लॉगमध्ये ५५० च्या वर चार ओळींवर नवं लॉगिन दिसतं, तिथे रोग सापडतो. पुन्हा जोडल्यावर आधी पूर्वीच्या डिरेक्टरीत परतायचं, ‘पीडब्ल्यूडी’ विचारून खात्री करायची, मगच पुढे.

‘पीडब्ल्यूडी’चं उत्तर मात्र जसंच्या तसं जपलं पाहिजे. २५७ नंतर दुहेरी अवतरणात पाथ येतो, आणि नावातच दुहेरी अवतरण असेल तर ते दोनदा लिहिलेलं असतं. आयबीएमच्या मेनफ्रेमवर हा पाथ स्लॅशनं सुरूच होत नाही: एकेरी अवतरणात टिंबांनी जोडलेली नावं येतात. ‘स्लॅश नाही म्हणजे पाथ अर्धवट’ असं मानणारा क्लायंट तिथे स्वतःहून स्लॅश जोडतो आणि फसतो. होस्टिंगच्या सर्व्हरवर उलटा प्रकार. तिथे वापरणाऱ्याला त्याच्याच डिरेक्टरीत कोंडलेलं असतं आणि तीच मूळ म्हणून दाखवलेली असते. डिस्कवरचा खरा लांबलचक पाथ कोडमध्ये लिहिला, तर सर्व्हरच्या लेखी तो नाहीच.

वेबच्या पहिल्या पिढीलाही हे भान होतं. टिम बर्नर्स-ली, लॅरी मॅसिन्टर आणि मार्क मॅकहिल यांच्या डिसेंबर १९९४ च्या आरएफसी १७३८ नं ठरवलं, की एफटीपीच्या पत्त्यातला प्रत्येक तुकडा म्हणजे एक स्वतंत्र ‘सीडब्ल्यूडी’, आणि सुरुवात लॉगिनच्या डिरेक्टरीपासून. पत्त्यातला स्लॅश हा डिस्कवरचा स्लॅश नव्हे. डिस्कच्या मुळापासून जायचं, तर तो स्लॅश टक्के-चिन्ह-दोन-एफ असा सांकेतिक रूपात लिहावा लागे. कर्ल हा प्रोग्राम आजही आपणहून एकेक पायरीच उतरतो. सगळा पाथ एकदम पाठवायचा असेल तर तसा पर्याय द्यावा लागतो.

यादीचा प्रश्न निराळा. आरएफसी ९५९ नंच सांगून ठेवलं होतं, की यादी मागणाऱ्या ‘लिस्ट’ या आज्ञेचं उत्तर माणसाच्या उपयोगाचं आहे, प्रोग्रामला ते वापरणं अवघड जाईल. तरी सगळ्यांनी ते प्रोग्रामनंच वाचलं. युनिक्सची यादी ताज्या फाइलसमोर वेळ छापते आणि जुन्या फाइलसमोर वर्ष. विंडोजच्या सर्व्हरची मांडणीच वेगळी. ओळ मोकळ्या जागांवर तोडली, की ‘जुने फोटो’चं ‘फोटो’ उरतं. ओळीच्या शेवटचं न दिसणारं कॅरेज रिटर्न नावाला चिकटून राहिलं, तर तेच नाव परत पाठवल्यावर ५५०, आणि लॉगमध्ये दोन्ही नावं डोळ्यांना अगदी सारखी. मार्च २००७ च्या आरएफसी ३६५९ नं ‘एमएलएसडी’ ही प्रोग्रामसाठीची यादी आणली. तिच्यात डिरेक्टरी की फाइल हे स्पष्ट लिहिलेलं येतं. सर्व्हर ती देत असेल तर ‘लिस्ट’कडे वळण्याचं कारण नाही.

डोळ्यांना सारखं पण बाइटांत वेगळं, याचा मराठी नमुना तर फारच नेमका आहे. जुलै १९९९ च्या आरएफसी २६४० नं एफटीपीत यूटीएफ-८ आणलं आणि देवनागरी नावांना जागा झाली. पण ‘दुसऱ्या’ हे नाव घ्या. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका चिन्हानं लिहिता येतो, किंवा ‘र’ अधिक नुक्ता असा दोन चिन्हांनी. अर्धा ‘र’ दाखवायला ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक, असा तिसरा मार्गही आहे. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल-व्यवस्था नावं सुटी करून ठेवत असे. त्यामुळे मॅकवरून चढवलेली डिरेक्टरी आणि विंडोजवर टाइप केलेलं नाव छापल्यावर एकच दिसतात, सर्व्हर मात्र बाइट ताडून बघतो आणि ५५० देतो. ‘सातवा’ बिनबोभाट उघडतो, ‘दुसऱ्या’ अडतो. उपाय तोच: नाव टाइप केलेलं वापरू नये, सर्व्हरनं यादीत दिलेले बाइट जसेच्या तसे परत पाठवावेत.

कधी ‘सीडब्ल्यूडी’ला २५० मिळतं आणि यादीच येत नाही. तो डिरेक्टरीचा दोष नव्हे. यादी दुसऱ्या जोडणीवरून येते, आणि ती फायरवॉलनं अडवलेली असते. स्टीव्हन बेलोव्हिन यांनी फेब्रुवारी १९९४ मध्येच, आरएफसी १५७९ मध्ये, क्लायंटनं ‘पॅसिव्ह’ पद्धत वापरावी असं सुचवलं होतं.

डेबियननं आपले सार्वजनिक एफटीपी सर्व्हर १ नोव्हेंबर २०१७ ला बंद केले. फायरफॉक्स आणि क्रोम यांनी २०२१ मध्ये एफटीपीला रजा दिली. बँका, छापखाने आणि गोदामांच्या आतल्या यंत्रणांत ते अजून चालू आहे, आणि त्याच्यासाठी क्लायंट अजून लिहिले जातात. त्याच्या जागी आलेल्या एसएफटीपीत, नावात साम्य असलं तरी, ‘डिरेक्टरी बदला’ अशी आज्ञाच नाही. कुठे आहोत हे क्लायंटनंच आपल्याकडे लिहून ठेवायचं आणि दरवेळी पूर्ण पाथ पाठवायचा. दोन टिंबं किंवा लिंक मधे आली, की ‘रिअलपाथ’ ही विनंती करून खरा पाथ काय, हे मात्र तिथेही सर्व्हरलाच विचारावं लागतं.