हेडफोन लावले, तरी आवाज स्पीकरमधूनच? ऑटो आणि मॅन्युअलमधला फरक समजून घ्या

लायब्ररीत बसून लॅपटॉपला हेडफोन लावलेत, व्हिडिओ सुरू केला आणि आवाज थेट स्पीकरमधून आला, असं कधी झालंय? कधी याच्या उलटही होतं. हेडफोन काढून ठेवले तरी स्पीकर गप्पच. अशा वेळी आपण हेडफोनला किंवा स्पीकरला दोष देतो. पण अनेकदा दोन्ही ठणठणीत असतात. गडबड असते ती आवाज कुठे पाठवायचा हे ठरवण्यात.

कॉम्प्युटरला कळतं कसं?

हेडफोनच्या ३.५ मिलिमीटरच्या जॅकमध्ये सहसा एक छोटा स्विच असतो. पिन आत गेली की त्याची स्थिती बदलते. साउंड चिप हा बदल टिपते आणि ऑडिओ ड्रायव्हरला कळवते. ड्रायव्हर म्हणजे हार्डवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातला दुभाषा. इंटेलने २००४ मध्ये आणलेल्या 'हाय डेफिनिशन ऑडिओ' या मानकात या निरोपाची सोय आहे.

ऑटो म्हणजे काय?

निरोप मिळाला की स्पीकर आपोआप बंद होतो. तुमचं खासगी बोलणं चारचौघांत जात नाही, हा मोठा फायदा. पण सगळी भिस्त त्या स्विचवर असते. जॅकमध्ये धूळ अडकली किंवा स्विच झिजला, तर चुकीचा निरोप जातो. जुन्या 'एसी ९७' पद्धतीची वायर असलेल्या डेस्कटॉप कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून तर असा निरोप जातच नाही.

मॅन्युअल कधी वापरायचं?

स्पीकर आणि हेडफोन दोन्ही कायम जोडलेले असतील, दोन्हीकडे एकदम आवाज हवा असेल किंवा जॅक दगा देत असेल, तर निवड स्वतः करणं बरं. मात्र स्पीकर बंद करायचं लक्षातही तुम्हालाच ठेवावं लागतं.

सेटिंग कुठे मिळेल?

• लिनक्स: टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' उघडा. अनेक लॅपटॉपवर तिथे 'ऑटो-म्यूट मोड' दिसतो. तो बंद केला की स्पीकर आणि हेडफोनचा आवाज वेगवेगळा ठेवता येतो.
• विंडोज: साउंड सेटिंगमध्ये आउटपुट निवडा. रियलटेकची चिप असेल, तर काही कॉम्प्युटरवर तिच्या ॲपमध्ये पुढच्या जॅकची ओळख बंद करण्याचा पर्याय असतो.

ब्लूटूथ हेडफोनला हा जॅक लागतच नाही. तिथे कनेक्शन जुळलं की ऑपरेटिंग सिस्टिम आवाज तिकडे वळवते.

नवे हेडफोन घेण्याआधी हे करा

आधी तेच हेडफोन दुसऱ्या मोबाइल किंवा लॅपटॉपला लावून बघा. तिथे नीट वाजले, तर हेडफोन चांगले आहेत. मग जॅकमधली धूळ साफ करा आणि आउटपुट हाताने निवडून बघा. आवाज आला, तर तुमचे पैसे वाचले!