महाबळेश्वरी प्रथम जाणारास

महाबळेश्वरास पहिल्यानेच निघालेल्या माणसाने एक गोष्ट घरूनच ध्यानात घेऊन निघावे, की तो ज्याला एक गाव समजतो ते एक गाव नव्हे. पेठ एकीकडे, क्षेत्र तेथून सुमारे 3 मैलांवर, आणि ज्या कड्यांची कीर्ती ऐकून तो आलेला असतो ते कडे अरण्यातून चहूकडे विखुरलेले. त्यांतला आर्थर सीट तर पेठेपासून 8 मैल दूर. हा पसारा कोणी आखून वसविलेला नाही. निरनिराळ्या काळची माणसे निरनिराळ्या हेतूंनी ज्या वाटांनी वर आली, त्या वाटांनी तो घडविला. म्हणून नवख्या प्रवाशाला जी माहिती द्यावयाची ती त्या वाटांच्या क्रमानेच द्यावी, असे माझे मत आहे.

पहिली वाट यात्रेकरूंची. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम जेथे मानतात, त्या पंचगंगेच्या कुंडांपाशी ती संपते. देवगिरीच्या सिंघण यादवाने तेराव्या शतकात येथे बांधकाम केल्याची परंपरा आहे, आणि शिवाजीमहाराजांनी मातुःश्री जिजाबाईंची सुवर्णतुला याच क्षेत्री केली. पंचगंगेवरचा मान कोळ्यांचा, ज्यांना गंगापुत्र म्हणतात, आणि महाबळेश्वराच्या पूजेचा मान गुरवांचा, अशी वहिवाट चालत आलेली. कन्यागताच्या वर्षी, म्हणजे बारा वर्षांनी गुरू कन्या राशीस आला म्हणजे, भागीरथी येथे प्रकट होते या श्रद्धेने लोटलेल्या समुदायाला हवा खाण्याची कल्पनाही नव्हती; तो स्नान करी, देवदर्शन घेई आणि डोंगर उतरू लागे.

दुसरी वाट घाटाची, आणि तिचे नावच प्रवाशाला पुरेशी सूचना देते: रडतोंडीचा घाट. वरच्या पठारावरून पारगावाकडे उतरणारी ही उभी वाट जावळीच्या खोऱ्याचे एक दारच होय. 1656 साली मोऱ्यांकडून जावळी घेऊन महाराजांनी प्रतापगड बांधविला, आणि 1659 च्या नोव्हेंबरात वाईहून निघालेला अफझलखानाचा लवाजमा याच रडतोंडीने खाली उतरला. नवख्या माणसाने या अरण्याचा अंदाज न घेता पाऊल टाकले तर काय होते, याचा याहून मोठा दाखला महाराष्ट्राच्या इतिहासात शोधूनही सापडणार नाही.

तिसरी वाट गोऱ्या सरकारची. साताऱ्यास असलेला लॉडविक नावाचा सेनाधिकारी 1824 साली या पठारावर चढला. त्यानंतर रेसिडेंट ब्रिग्ज याच्या आग्रहावरून प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून रस्ता करविला. आणि मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने 1829 साली तहनामा करून, वाईकडील खंडाळा हे गाव महाराजांना देऊन, त्याच्या बदल्यात हे ठिकाण कंपनी सरकारच्या अंमलाखाली आणले. आज आपण जिला नुसती पेठ म्हणतो ती ही माल्कमपेठ. येथे चिनी व मलायी बंदिवानांचा एक तुरुंगही होता, जो 1864 साली मोडला. परदेशाहून येथे आणून टाकलेल्या त्या अभागी माणसांनी या मातीत बटाट्याची व भाजीपाल्याची बागाईत वाढविली, आणि त्यांच्या कष्टांची आठवण बाजारात टोपल्या पाहत हिंडणाऱ्याने ठेवावी, असे मला फार वाटते. पेठेला पाणी मिळावे म्हणून साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी 1842 साली बांधविलेले तळे ते वेण्णा तळे. नौकाविहार ही त्याची मागाहून आलेली कीर्ती.

त्या काळी मुंबईहून येणाऱ्याला आगबोटीने बाणकोटच्या खाडीतून दासगावापर्यंत, पुढे महाडावरून घाटाच्या पायथ्याशी, आणि तेथून भोयांच्या खांद्यावर पालखीतून असा प्रवास करावा लागे. तेव्हा भोई आधी ठरवून ठेवणे ही पहिली दक्षता असे. 1876 साली फिट्झजेराल्ड घाट, म्हणजे आपला आंबेनळी, चाकांच्या गाड्यांना खुला झाला. पुढे पुण्याच्या दक्षिणेस लोहमार्ग आला, आणि वाठार स्टेशनवर उतरून टांग्याने वाई, पसरणीचा घाट व पाचगणी या मार्गाने वर येण्याचा प्रघात पडला. साधने बदलली तरी एक नियम बदलला नाही: मृग बरसू लागण्यापूर्वी डोंगर सोडावा. वर्षाला सुमारे 250 इंच पाऊस जेथे कोसळतो, तेथे बंगले गवताने शेकारून बंद करीत आणि माणसे खाली उतरत. आजचा प्रवासी पावसातही येतो. त्याने यावे, परंतु धुक्यात कड्याची कोर दिसत नाही एवढे विसरू नये, आणि दृश्यांसाठी यावयाचे असेल तर पाऊस सरल्यावरचे, धुऊन निघालेल्या आकाशाचे दिवस निवडावेत. हिवाळ्यात वेण्णेच्या काठी पहाटे दहिवर गोठते. गरम कपडे सोबत असावेत.

आता क्रम. बहुतेक माणसे पेठेतून निघून एका दिवसात सारे पॉइंट पालथे घालतात आणि क्षेत्राला वाटेवरचा अर्धा तास देतात; हे उलटे आहे. पहिली सकाळ क्षेत्री घालवावी, पंचगंगेनंतर जवळच असलेल्या कृष्णाबाईच्या जुन्या दगडी देवळात जावे, जेथे गोमुखातून पाणी कुंडात पडत असते आणि गर्दी क्वचितच पोचते. पॉइंटांची जुनी नावेही विचारून घ्यावीत: विल्सन पॉइंट तो सिंडोळा, आणि आर्थर सीट तो मढीमहाल. मग त्या मढीमहालावर उन्हे कलण्यापूर्वी जावे. सकाळी ज्या सावित्रीला आपण देवळात ओंजळीत धरलेले असते, तीच तेथे खोल दरीत शिरून कोकणाकडे, बाणकोटच्या समुद्राकडे निघालेली दिसते; कृष्णा मात्र आपल्या पाठीमागे, पूर्वेच्या समुद्राच्या दीर्घ वाटेला लागलेली असते.